लाल डिझेल, साडेअकरा डॉलर आणि सिटिझनशिपची मुलाखत

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. मी टेक्ससमध्ये ऑस्टिनजवळ राहतो, नोकरी सॉफ्टवेअरमधली. चार वर्षांपूर्वी २२ एकर जागा घेतली. तीसेक शेळ्या आहेत, थोडं गवत विकतो. महिंद्राच्या ट्रॅक्टरसाठी ३०० गॅलनची टाकी बसवली आहे, तीत पुरवठादार शेतीसाठीचं करमुक्त लाल डिझेल भरून जातो. मागच्या महिन्यात शेळ्या लिलावाला न्यायच्या होत्या. उशीर झाला म्हणून पिकअपमध्ये त्याच टाकीतलं २६ गॅलन डिझेल भरलं. दोन्ही डिझेल सारखीच, फक्त रंग वेगळा, असं मेकॅनिकने सांगितलं होतं. लिलावाच्या फाटकापाशी तपासणी चालू होती, त्यांनी टाकीत नळी सोडून नमुना घेतला. आता आयआरएसचं, म्हणजे केंद्राच्या करखात्याचं पत्र आलंय, १,००० डॉलर दंड. माझा सिटिझनशिपचा अर्ज चालू आहे, मुलाखत दोन महिन्यांवर. शेतावर तासावारी काम करणारा एक मुलगा आहे. त्याने चुकून भरलं, असं कळवू का? तो तयार आहे. शिवाय मी शेळ्याच नेत होतो, मग हा शेतीचाच वापर झाला ना?

उत्तर: आधी एक गोष्ट. सदराला पाठवलेलं पत्र म्हणजे वकील आणि अशील यांच्यातला गुप्त संवाद नव्हे. तुमची ओळख पटेल असे तपशील मी बदललेत, पण यापुढे असलं काही कुणालाही लिहून पाठवू नका. वकील गाठा आणि समोर बसून सांगा.

तुमचा मेकॅनिक इंजिनाच्या बाबतीत खोटं बोलला नाही. एके काळी दोन्ही डिझेलमध्ये खरोखर फरक होता. रस्त्यावरच्या डिझेलमधला गंधक सरकारने आधी खाली आणला, शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांचं डिझेल मागे राहिलं. २००६ पासून रस्त्यावरच्या डिझेलला दहा लाखांत १५ भाग ही मर्यादा लागू होऊ लागली आणि २०१० पासून ट्रॅक्टर-बुलडोझरच्या डिझेललाही तीच लावली गेली. म्हणजे आज तुमच्या टाकीतलं लाल डिझेल आणि पंपावरचं क्लिअर, म्हणजे बिनरंगी डिझेल गंधकाच्या हिशोबाने एकच आहे. लाल रंग सॉल्व्हंट रेड १६४ नावाच्या रंगद्रव्याचा, आणि तो तेलाच्या डेपोतून माल बाहेर पडतानाच यंत्राने मिसळलेला असतो. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं असायचं ते आठवा. निळं केल्याने रॉकेल काही वेगळं जळत नव्हतं. सवलतीचा माल भलतीकडे वळला तर डोळ्यांना दिसावा, एवढ्यासाठी तो रंग होता. इथेही तेच.

सवलत किती? रस्त्यावरच्या डिझेलवर केंद्राचा कर गॅलनला २४.४ सेंट, टेक्ससचा २० सेंट. तुमच्या २६ गॅलनवर मिळून साडेअकरा डॉलर. तेवढे वाचले.

आता दंड. अंतर्गत महसूल संहितेचं कलम ६७१५ म्हणतं, रंगीत डिझेल करपात्र कामाला वापरलं आणि ते रंगीत आहे हे तुम्हाला माहीत होतं, किंवा माहीत असायला कारण होतं, तर १,००० डॉलर किंवा गॅलनला १० डॉलर यांतली जी रक्कम मोठी ती भरायची. २६ गॅलनचे होतात २६०, म्हणून तुम्हाला हजार लागले. दुसऱ्यांदा सापडलात तर हजाराचे दोन हजार, तिसऱ्यांदा तीन. तिसऱ्या वेळेपासून खात्यात अपीलही जवळपास बंद होतं, रासायनिक तपासणीतली चूक किंवा लबाडी आणि बेरजेतली चूक एवढंच मांडता येतं. दंड भरला म्हणजे मूळ कर माफ झाला असंही नाही, तो वेगळा भरायचा. तुमच्या बाबतीत केंद्राचा जेमतेम सहा डॉलर.

"माहीत असायला कारण होतं" हे शब्द नीट वाचा. पुरवठादाराच्या बिलावर हे डिझेल रंगीत आहे, फक्त करमुक्त वापरासाठी आहे आणि करपात्र वापराला दंड आहे, असं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या घरात अशी कितीतरी बिलं पडलेली असतील. आणि लाल रंग दिसत नाही असं कोण म्हणेल?

शेळ्या लिलावाला नेत होतात, म्हणून शेतीचा वापर, हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकलाय आणि तो ऐकायला बरा वाटतो. टिकत नाही. आयआरएसच्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की शेताबाहेर, रस्त्यावर जाळलेलं इंधन शेतीचं धरलं जात नाही, मग त्या गाडीत जनावरं असोत, चारा असो की पीक. कुंपणाच्या आत पिकअप फिरवून शेळ्यांना खाद्य टाकलंत तर गोष्ट वेगळी. फाटक ओलांडून सार्वजनिक रस्त्याला लागलात की सवलत संपली. कुणी तुम्हाला हार्वे वादळाचा दाखला देईल. २०१७ मध्ये इंधनाची टंचाई झाली तेव्हा टेक्ससमध्ये आयआरएसने काही काळ हा दंड लावला नव्हता, हे खरं. पण ती आपत्तीतली तात्पुरती सूट होती, आणि तेव्हाही कर भरायचाच होता. लिलावाला उशीर होणं ही आपत्ती नव्हे.

आता त्या मुलाबद्दल. तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याशी मी थांबले, पाणी प्यायले आणि मग पुढे वाचलं.

दंड दिवाणी आहे. त्यात अटक नाही, फौजदारी खटला नाही. पण केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याला महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटं सांगणं हा मात्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. त्या पोराला खोटं बोलायला लावणं हा त्याहून निराळा गुन्हा, आणि त्यात तुम्ही त्यालाही ओढताय. तो "तयार आहे" म्हणता. तासाच्या पगारावर काम करणारा मुलगा मालकाला नाही कसं म्हणेल? बरं, एवढं करून फायदा काय? टाकी तुमची, पिकअप तुमची, कामाला ठेवलेला माणूस तुमचा, गाडी चालवत होतात तुम्ही. दंड तुमच्याच नावावर राहण्याची शक्यता दाट आहे.

आणि सिटिझनशिप. इथे लोकांचं उलटं होतं. दंडाला घाबरतात, खोट्याला घाबरत नाहीत. एक हजाराच्या दिवाणी दंडाने अर्ज आपोआप बुडत नाही. पण नागरिकत्वासाठी सद्वर्तनाची अट आहे, आणि तिच्यात एक बाब अशी आहे की नागरिकत्व मिळवण्यासाठी शपथेवर खोटी साक्ष दिली, तर ते सद्वर्तन धरलंच जात नाही. आणि १९८८ च्या कुंगीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हे खोटं महत्त्वाच्या मुद्द्याबद्दल असलं पाहिजे असंही नाही. तुम्ही आयआरएसला "मुलाने भरलं" असं लिहाल, मुलाखतीत अधिकारी त्याबद्दल विचारेल, आणि उजवा हात वर करून तुम्हाला तेच खोटं पुन्हा सांगावं लागेल. साडेअकरा डॉलरच्या डिझेलपायी.

मुलाखतीआधी दोन गोष्टी तपासा. एन-४०० मध्ये, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जात, थकीत कराबद्दल प्रश्न आहे, म्हणून ते सहा डॉलर आणि राज्याचा कर आत्ताच भरून पावती जवळ ठेवा. दुसरं, त्या दिवशी तुमच्या हातात नेमका कोणता कागद दिला? नुसता नमुना घेतल्याची पोच, की टेक्ससच्या अधिकाऱ्याने दिलेलं सायटेशन, म्हणजे नियमभंगाची लेखी नोटीस? अटक किंवा सायटेशन झालं होतं का, हे अर्जात विचारलेलं असतं, आणि राज्याचा कायदा वेगळा असल्याने राज्य आपली स्वतंत्र कारवाई करू शकतं. कागद घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. अर्ज भरताना उत्तर "नाही" होतं आणि आता बदललं असेल, तर मुलाखतीत आपणहून सांगून दुरुस्त करून घ्यायचं.

आयआरएसला काय लिहाल? कमीत कमी. पत्रावरच्या मुदतीच्या आत दंड भरा. "२६ गॅलन, एक वेळ, पिकअपची टाकी रिकामी करून घेतली आहे, पावती सोबत" एवढं पुरे. पाल्हाळ का नको, ते सांगते. "शेतावर एकच टाकी आहे, गरज पडली की तिथूनच भरतो" असं एखादं निरागस वाक्य लिहिलंत, तर ती ३०० गॅलनची टाकीच रस्त्यावरच्या वापरासाठी बाळगलेली आहे असा अर्थ निघू शकतो. गॅलनला १० डॉलरने तीन हजार.

दुसरा धोका मला त्याहून मोठा वाटतो. तुमच्यासारख्या बऱ्याच मंडळींकडे शेळ्या असतात त्या ॲग एक्झेम्प्शनसाठी, म्हणजे काउंटीने (आपल्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) घरपट्टी-जमीनपट्टीला जागेचं मूल्य शेतजमीन म्हणून कमी धरावं यासाठी. त्यात गैर काही नाही. पण काउंटीने शेती मानली म्हणून आयआरएस मानेल असं नाही. लाल डिझेलची सवलत शेतीचा व्यवसाय करणाऱ्याला आहे, हौसेला नाही. गवताचे आणि शेळ्यांचे पैसे तुम्ही टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफवर, म्हणजे शेतीच्या उत्पन्नाच्या पानावर, दाखवता का? दाखवत नसाल, तर ट्रॅक्टरमधल्या लाल डिझेलवरही प्रश्न येऊ शकतो. "मी शेतकरी आहे" असं ठासून लिहिण्याआधी तुमच्या सीएला, म्हणजे इथल्या सीपीएला, एक फोन करा.

पिकअपची टाकी अजून तशीच असेल तर गॅरेजमध्ये उपसून घ्या, पाइप आणि फिल्टरसकट. क्लिअर डिझेल ओतून पातळ करायला जाऊ नका. रंगाचा अंश बरेच दिवस टिकतो आणि तपासणीत सापडतो. मांजराच्या वाळूतून गाळून लाली काढायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाशी बोलणं कमी करा, कारण रंग मुद्दाम कमी करणं हा त्याच कलमात स्वतंत्रपणे दंडनीय प्रकार आहे. पुन्हा कुणी तपासायला थांबवलं तर नाही म्हणू नका, नकाराचाही दंड १,००० डॉलरच आहे.

तुमच्या आकाराच्या शेताला माझा सल्ला, लाल टाकी ठेवूच नका. क्लिअर डिझेल घ्या, ट्रॅक्टरमध्ये किती गेलं ते वहीत तारखेनिशी लिहा, आणि वर्षाअखेर तेवढ्यावरचा केंद्राचा कर फॉर्म ४१३६ भरून परत मागा, गॅलनला २४.३ सेंट. शेतीच्या वापरावरचा राज्याचा कर टेक्ससच्या कंप्ट्रोलरकडून, म्हणजे राज्याच्या करखात्याकडून, परत मागायची सोयही आहे. घाईच्या दिवशी पिकअपला कुठलंही डिझेल भरलं तरी चालेल.

जाता जाता, त्या ट्रॅक्टरने घरापुढचं लॉनही कापता का? आयआरएसच्या त्याच पुस्तिकेत लॉन कापणं हा खासगी वापर म्हणून नावानिशी लिहिलंय. उत्तर मला पाठवू नका.