‘हिरोची हार्ले’ घ्यावी की नाही

तुझ्या लांबलचक प्रश्नातून मला कळलं ते असं. गाव सातारा, नोकरी हिंजवडीत, ऑनरोड तीन-सव्वातीन लाखांची तयारी, आणि हार्ले-डेव्हिडसन एक्स ४४० वर जीव जडलाय. गाडी बनते हिरो मोटोकॉर्पच्या कारखान्यात, म्हणून मित्र म्हणतात, "ही कसली हार्ले, ही तर हिरोची." काका म्हणतात, हार्ले २०२० साली भारतातून गेली तशी पुन्हा जाईल. शोरूमवाला म्हणतो, आजच बुक करा. आणि सगळ्यात शेवटी हळूच विचारलंयस, सायलेन्सर बदलला तर चालेल का.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. वय छप्पन्न. वडिलांच्या येझदीवर शिकलो. आज घरात माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आणि मुलाची ट्रायम्फ स्पीड ४०० आहे. एक्स ४४० माझी नाही, भाच्याची आहे, पण ती मी पुणे-सातारा तीनदा आणि ताम्हिणीतून एकदा चालवली आहे. मोठी हार्ले कधी घेतली नाही. दोन-तीन वेळा लोकांची चालवायला मिळाली, आणि चौकात सिग्नलला तीनशे किलोंच्या वरचं ते धूड दोन पायांत सावरताना देव आठवला.

मित्रांचं आधी निकालात काढू. हार्ले म्हणजे मोठीच गाडी, असं म्हणणाऱ्याला हार्ले नीट माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या डीकेडब्ल्यू कंपनीच्या आरटी १२५ या छोट्या टू-स्ट्रोक गाडीचा आराखडा युद्धभरपाई म्हणून विजेत्यांच्या हाती पडला. त्यावरून इंग्रजांनी बीएसए बँटम बनवली, रशियनांनी मॉस्क्वा बनवली, आणि हार्लेने १९४८ च्या सुमारास १२५ सीसीची गाडी बाजारात आणली. पुढे जपानमध्ये यामाहाची पहिलीवहिली मोटरसायकल, १९५५ ची वायए-१, तीही याच आराखड्यावरून. म्हणजे तुझ्या मित्रांपैकी ज्याच्याकडे यामाहाची आरएक्स १०० असेल (एक तरी असतोच) त्याला सांग, तुझ्या गाडीची खापरपणजी आणि छोटी हार्ले चुलत बहिणी आहेत.

पुढचं तर आणखी मजेशीर आहे. १९६० मध्ये हार्लेने इटलीतल्या एअरमाक्कीच्या मोटरसायकल धंद्यात निम्मा हिस्सा घेतला आणि तिथून २५० सीसीची स्प्रिंट अमेरिकेत आणून स्वतःच्या नावाने विकली. त्याच इटालियन कारखान्यातल्या टू-स्ट्रोक गाड्यांवर वॉल्टर व्हिला या इटालियन पठ्ठ्याने १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षं २५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं आणि ७६ ला वर ३५० सीसीचंही. ग्रां प्री शर्यतींत हार्लेच्या नावावर जी जगज्जेतेपदं आहेत ती ही, छोट्या गाड्यांवरची आणि दुसऱ्याच्या कारखान्यात घडलेली. आता बोला म्हणावं.

पण खरी गोम याच्या पुढे आहे, आणि ती मित्रांपेक्षा तुझ्या काकांना जास्त कळलीय. एवढं जिंकूनही १९७८ मध्ये हार्लेने तो इटालियन कारखाना विकून टाकला. छोट्या गाड्या हार्लेला जमत नाहीत असं नाही. त्यांच्यावर तिचं मन टिकत नाही. धंद्याला ओढ लागली की छोटी गाडी आठवते, आणि जरा सावरलं की मिलवॉकीतल्या (हार्लेचं अमेरिकेतलं मुख्यालय) साहेबांना ती घरातली नको असलेली पाहुणी वाटायला लागते.

आपल्याकडेही तेच झालं. हार्लेच्या भारतात येण्याची गोष्ट आंब्यापासून सुरू होते हे तुला माहीत असेल-नसेल. २००७ मध्ये ठरलं की भारताने हार्ले आयात होऊ द्यायची आणि अमेरिकेने भारतीय आंबा घ्यायचा. आपला हापूस लासलगावच्या विकिरण केंद्रातून जाऊन अमेरिकेला रवाना झाला तो त्याच वर्षी. (कांद्याच्या बाजारपेठेतून आंबा, आणि आंब्याच्या बदल्यात मोटरसायकल! असा सौदा आपल्याकडेच होऊ जाणे.) आयात शुल्क जबर होतं, म्हणून २०११ पासून हरियाणातल्या बावलला सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात झाली. तिथेच स्ट्रीट ७५० तयार झाली आणि २०१४ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ४ लाख १० हजारांना, एक्स-शोरूम दिल्ली, बाजारात आली. त्या काळी हार्ले म्हणून हा आकडा ऐकून लोक चक्रावले होते.

स्ट्रीट मी चालवली होती. इंजिन झकास होतं, ७४९ सीसीचं, पाण्याने थंड होणारं व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्हीसारखे दोन सिलेंडर. पण गाडीकडे बघितलं की कुठेतरी हात आखडता घेतलाय हे जाणवायचं. वायरी लोंबताना दिसायच्या, फिनिशिंग सुमार होतं, ब्रेक पकडायला जरा विचार करायचे. हार्लेवाले तिला आपली मानत नव्हते आणि बुलेटवाल्याला ती परवडत नव्हती. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने भारतातलं उत्पादन आणि स्वतःची विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या बातमीनंतर स्ट्रीटवाल्यांचे चेहरे मी पाहिलेत. तुझ्या काकांची भीती तिथली आहे, आणि ती खोटी नाही.

मग एक्स ४४० वेगळी कशी? ती गाडी हार्लेच्या भरवशावर उभीच नाही, म्हणून. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हिरो मोटोकॉर्पशी करार झाला. मोठ्या हार्लेंची विक्री आणि सर्व्हिस हिरोकडे गेली, आणि छोटी गाडी हिरोने बनवून हार्लेच्या नावाने विकायची असं ठरलं. रूप हार्लेचं, बांधणी आणि चाचण्या हिरोच्या, जन्म राजस्थानातल्या नीमराण्याच्या कारखान्यात. ३ जुलै २०२३ ला २ लाख २९ हजारांपासून सुरू झाली, आणि पहिल्या महिनाभरात पंचवीस हजारांवर बुकिंग झालं. हेच इंजिन पुढच्या वर्षी हिरोने स्वतःच्या मॅव्हरिक ४४० मध्येही बसवलं. म्हणजे उद्या मिलवॉकीवाल्यांचं मन पुन्हा उडालं, टाकीवरचं नाव गेलं, तरी पिस्टन, क्लचप्लेट, गॅस्केट बनवणारा माणूस इथलाच आहे. "ही तर हिरोची" हा तुझ्या मित्रांचा टोमणा आहे ना, माझ्या दृष्टीने गाडी घेण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

याची किंमत मला एका दुसऱ्याच गाडीने शिकवली. आमच्या ग्रुपमधल्या एकाने हौसेने परदेशी चार सिलेंडरची गाडी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही. पावसाळ्यात महाबळेश्वरहून उतरताना आडवी झाली. माणसाला खरचटलंही नाही, पण रेडिएटरला भोक पडलं. तो रेडिएटर यायला सात महिने लागले. सात महिने गाडी पार्किंगमध्ये चादर पांघरून, हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला बिनचूक.

मोठं नाव आणि देशी कारखाना ही जोडी आपल्याकडे नवी नाही. केटीएम ड्यूक २०० बजाजच्या चाकणमधून २०१२ ला आली तेव्हाही लोक नाक मुरडत होते; नंतर फर्ग्युसन रस्त्यावर पोरांनी त्या गाडीवर काय उच्छाद मांडला ते पुणेकरांना विचार. बीएमडब्ल्यूने टीव्हीएसबरोबर होसूरमध्ये ३१० काढली. पहिला भाव अवाच्या सवा लावला आणि २०२० मध्ये गपचूप खाली आणला. ट्रायम्फची स्पीड ४०० तर एक्स ४४० नंतर दोनच दिवसांनी, ५ जुलै २०२३ ला आली, तीही चाकणचीच. तुला घ्यायच्या त्या गाडीची खरी सवत हीच, म्हणून दोघींचं जरा नीट सांगतो.

कागदावर बघशील तर गोंधळशील. टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ, दोघींचा जवळपास सारखा, हार्लेचा ३८ न्यूटन मीटर, ट्रायम्फचा ३७.५. पण हार्लेला तो ४००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) मिळतो आणि ट्रायम्फला ६५००ला. ताकद हार्लेची साधारण २७ बीएचपी, ट्रायम्फची चाळिशीला टेकलेली. हा फरक इंजिनाच्या पोटातला आहे. हार्लेच्या सिलेंडरचा व्यास ७९.६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८८.४. ट्रायम्फचं उलटं, व्यास ८९ आणि धाव ६४. लांब धाव असली की इंजिन सावकाश, दमदार ढकलतं आणि फार पळवलं की कुरकुरतं. आखूड धाव असली की ते वर वर पळायला मागतं आणि खाली रेंगाळत ठेवलं तर हिसके देतं.

आता हे खंबाटकीवर बघ. मी गेलो तेव्हा साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागायचा, येताना बोगदा, त्यामुळे खरी परीक्षा जातानाच. पुढे उसाचा ट्रॉलीवाला आहे. भाच्याची एक्स ४४० मी तिसऱ्यात टाकली आणि चढ संपेपर्यंत गिअरला हात लावला नाही. नुसती मूठ पिळायची, ती धडधडत वर जाते. मुलाची स्पीड त्याच ठिकाणी दुसऱ्यात घ्यावी लागते, पण एकदा सुई वर गेली की ट्रॉली आरशात दिसते. वजनातही फरक आहे. हार्ले १९०.५ किलो, ट्रायम्फ १७६. वाकडच्या पुलाखाली सकाळी नऊ वाजता हे साडेचौदा किलो मोजता येतात, विश्वास ठेव. सीट मात्र हार्लेची मला जास्त आवडली, आणि माझ्या कंबरेचं मतही तेच आहे. महामार्गावर शंभरला दोघीही निवांत. एकशेवीसला हार्ले सांगते की बास झालं, ट्रायम्फ सांगत नाही. ते चांगलं की वाईट हे तुझ्या आईला विचार.

ऑफिसची रोजची ये-जा जास्त आणि महिन्यातून एकदा गाव, असं असेल तर मी तुला स्पीड ४०० कडे ढकलेन. हलकी आहे, आणि सर्व्हिस १६,००० किलोमीटरनी. पण तुझ्या प्रश्नात तू तीनदा "आवाज" लिहिलंयस आणि एकदाही "पिकअप" नाही. असा माणूस स्पीड घेऊन सहा महिन्यांत विकतो. तू एक्स ४४० घे.

पैशाचं एक लक्षात ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर तो थेट ४० टक्के झाला, आधी सेस धरून ३१ होता. तुझी एक्स ४४० त्या रेषेच्या पलीकडे आणि क्लासिक ३५० अलीकडे. म्हणून यूट्यूबवरचे २०२३ चे भाव धरून हप्त्याचं गणित करू नकोस. डीलरकडून विमा, हँडलिंग, ॲक्सेसरीज वेगवेगळ्या लिहिलेलं कोटेशन हातात घे. हँडलिंगच्या नावाखाली काही लावलं असेल तर ते काढायला लाव, काढतात. आजच बुक करा म्हणणाऱ्याला सांग, अमावस्या झाल्यावर येतो.

टेस्ट राइड शोरूमच्या गल्लीत नको. आधी फोन करून मंगळवार-बुधवारची वेळ घे, मागे एका माणसाला बसव, आणि चढाचा रस्ता धर. बावधन बाजूला असलास तर चांदणी चौकातून वर. आधी थंड इंजिनावर क्लच कसा सुटतो बघ, मग वीस मिनिटांनी सिग्नलला उभा राहून उजव्या पोटरीला किती ऊब लागते ते बघ. सर्व्हिस कुठे होणार तेही नाव घेऊन विचार. "आमच्या कुठल्याही सेंटरला" हे उत्तर नाही. हार्लेचं काम करणारा वर्कशॉप साताऱ्यात आहे की पुण्यालाच यावं लागेल, ते स्वतः जाऊन मेकॅनिकशी बोल, सेल्समनशी नाही.

आणि सायलेन्सर. नको. लांब धावेचं एक सिलेंडर आहे, मूळचाच आवाज भरदार आहे. बाहेरचा लावलास तर वॉरंटीवरून वाद, वर वाहतूक पोलिसांचं चलन, आणि हिंजवडीच्या सोसायटीत रात्री साडेअकराला आलास की वॉचमन गेट उशिरा उघडणार. ते पैसे पुढच्या क्रॅशगार्डला आणि एका चांगल्या हेल्मेटला घाल. भाच्याने क्रॅशगार्ड पहिल्याच आठवड्यात बसवला आणि दुसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये तो कामाला आला.