सीएला बिलं दिसतात, धंदा दिसत नाही

प्रिय मुली,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, एवढी फी देते तरी सीए मला काही सांगतच नाही." मी हसलो, तुला राग आला बहुतेक. पण तुला नव्हतो गं हसलो, वीस वर्षांपूर्वी भोसरीच्या शेडमधे उभा राहून मी पण हेच बडबडायचो.

तो सांगणार कसं? तू धायरीहून बिलांची पिशवी पाठवतेस दहा तारखेला रात्री, अन अकराला जीएसटीआर-वनची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख. त्यातून त्याला आकडे दिसतात, बाकी काय दिसणार. तू खोकेवाल्याचे पैसे दोन दोन महिने थकवतेस हे त्याला कोण सांगणार? तो खोकेवाला उद्यम रजिस्ट्रेशन (सरकारकडे छोट्या उद्योगाची नोंद) असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार नसताना 15 दिवसात, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसात पैसे द्यायला लागतात, आणि मुदत उलटून 31 मार्चलाही थकलेलेच असले तर तो खर्च इन्कम टॅक्सला त्या वर्षी धरत नाहीत, ज्या वर्षी पैसे देशील त्या वर्षी धरतात. 2023-24 पासून आहे हे. सीएला फेब्रुवारीत कळलं तर तो म्हणेल आधी याचे चुकते कर, एप्रिलमधे कळलं तर नुसता मान हलवेल. म्हणून थकबाकी, नवीन मशीन, पार्टनरशी वाजलेलं, रोखीत केलेला आगाऊपणा, सगळं आधी सांगायचं. डॉक्टरपाशी पोटदुखी लपवून कसं चालेल.

आणि वेळ बघून जा. सप्टेंबरमधे त्याच्याकडे ऑडिटची धावपळ असते, तेव्हा "एक पाच मिनिटं" म्हणत घुसू नकोस. डिसेंबरात जा, प्रश्न कागदावर लिहून, आणि घरी आल्यावर जे ठरलं ते त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठव. निम्मे गैरसमज तिथंच मिटतात.

आता माझा मूर्खपणा सांगतो, दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेला बरा. 2017 ला जीएसटी आला तेव्हा रजिस्ट्रेशनला ईमेल आणि मोबाईल दिला तो सीएच्या ऑफिसातल्या पोराचा. आपल्याला कुठं ती कटकट, असं वाटलं. ते पोरगं आर्टिकलशिप, म्हणजे सीए व्हायची उमेदवारी, संपवून गेलं. पुढं नोटीस आली, उत्तराला 30 दिवस, ते कुणी बघितलंच नाही. थेट ऑर्डरच हातात आली, टॅक्स, त्यावर 18 टक्क्याने व्याज, वर दंड. मी तणतणत गेलो तर सीए शांतपणे म्हणाला, "साहेब, पोर्टल तुमच्या नावावर आहे." राग आला, पण खरं होतं. चूक दोघांची असली तरी नोटीस आपल्याच नावाने येते. तेव्हा आजच ईमेल-मोबाईल स्वतःचा करून घे, महिन्यातून एकदा पोर्टलवर नोटिसांचं पान स्वतः उघड, आणि डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्ह तिथल्या ड्रॉवरमधून परत आण. कोरे चेक सही करून ठेवतेस का कुणाकडे?

फीचं पण सुरुवातीलाच लिहून घे. रिटर्न भरणं त्यात आहे, नोटिशीचं उत्तर आहे का? बहुतेक नसतं, मग ऐनवेळी वाद. घासाघीस मात्र करू नकोस. पन्नास ठिकाणी फी कापून घेतलेला माणूस तुझी फाईल पन्नासावीच उघडणार ना.

कधी सीए एक म्हणेल, वकील दुसरं. प्रायव्हेट लिमिटेड करायची का, यात एकाला टॅक्स दिसतो, दुसऱ्याला उद्या देणं थकलं तर घरावर काय येईल ते दिसतं. दोघंही बरोबर असतात. तू मधे निरोप्या होऊ नकोस, दोघांना एका कॉलवर घे आणि ऐक. निर्णय मात्र तुझाच, तो त्यांच्या गळ्यात घालायचा नाही.

वकिलाकडे तर आपण जातोच उशिरा. मी शेडचा करार सही करून मग दाखवायला नेला होता, तीन वर्षांचा लॉक-इन होता आत, म्हणजे तोवर शेड सोडता येत नाही. वकील म्हणाला, लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला आलात होय.

तू नऱ्हेच्या नव्या शेडचं म्हणत होतीस ना? ड्राफ्ट घेऊन शनिवारी ये, आपण आधी वाचू, मग वकिलाकडे जाऊ. आणि मालक कितीही घाई करू दे, सही करून येऊ नकोस.

तुझा,
काका