जळगावात आमच्या मसाला-बिस्किटांच्या वितरणाच्या सहा डिझेल गाड्या आहेत, प्रत्येकीची लाईन, म्हणजे माल वाटायचा ठरलेला रस्ता, वेगळी. सगळ्या इलेक्ट्रिक कराव्यात का?

सहाच्या सहा एकदम नकोत. आधी भुसावळ-वरणगाव लाईनची एक गाडी बदला, शहरातल्या दोन लाईनींना इलेक्ट्रिक तीनचाकी जमते का ते पाहा, आणि सावदा-रावेर व पाचोरा-भडगाव सध्या डिझेलवरच चालू द्या. एरंडोल-पारोळ्याचं उन्हाळा पाहून ठरवा.

माझी धुळ्याला बेकरी आहे. टोस्ट, खारी, नानकटाई असा माल रोज पहाटे आजूबाजूच्या तालुक्यांत जातो आणि त्यातल्या काही गाड्या आता बॅटरीवर धावतात. तुमचा मसाला-बिस्किटांचा माल थोडा जड असेल, पण लाईन मारून संध्याकाळी गोदामात परत यायचं, हे दोघांचंही सारखंच. इलेक्ट्रिक गाडी याच प्रकारच्या कामाला लागू पडते. रस्ता ठरलेला, थांबे ठरलेले आणि रात्री गाडी आपल्याच दारात.

हिशोब खर्चापासून धरू. छोटा हत्ती, म्हणजे टाटाची एस, भरलेल्या मालासह लिटरला 15 किलोमीटर देतो असं समजा आणि डिझेल 92 रुपये धरा, म्हणजे किलोमीटरला सहा रुपयांच्या वर. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला पाव युनिटच्या आत वीज लागते. युनिट 10 रुपयांचं धरलं तर सव्वादोन ते अडीच रुपये. किलोमीटरमागे साडेतीन-पावणेचार रुपये वाचले. दिवसाला 80 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस गाडी चालली, तर महिन्याचे सात हजार वाचतात. ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट यांचा खर्च वाचतो तो वेगळा. पण तीच गाडी शहरात रोज 30 किलोमीटर फिरली, तर महिन्याला अडीच-पावणेतीन हजार. गाडीच्या किमतीतला लाखांचा फरक त्यातून कधी फिटायचा? म्हणून शहरासाठी चारचाकी इलेक्ट्रिक घेऊ नका. तीनचाकीची किंमत कमी, गल्लीबोळात वळतेही चटकन, आणि गोदाम जवळ असल्यामुळे कमी मालात दोन फेऱ्या मारता येतात. फुले मार्केट, सुभाष चौकाच्या गर्दीत तुमच्या माणसांना तीच सोयीची पडेल.

दुसऱ्या टोकाला रावेर. जळगावहून भुसावळ, फैजपूर, सावदा करत रावेरला जाऊन परत यायचं म्हटलं की सव्वाशेच्या वर किलोमीटर होतात, शिवाय मधली गावं. टाटाची एस ईव्ही 2022 मध्ये आली तेव्हा 21.3 युनिटच्या बॅटरीवर 154 किलोमीटरचा आकडा कंपनीने दिला होता. त्यानंतर आलेल्या इतर कंपन्यांच्या गाड्याही कागदावर साधारण याच पट्ट्यात आहेत. हा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. भरलेला हौदा, थांबत-निघत गावं आणि समोरून वारा असला की माझ्या गाड्या 100 ते 110 देतात. त्यातही वीस टक्के हाताशी ठेवूनच मी लाईन आखतो, म्हणजे एका चार्जवर 80-85. धुळ्याहून पारोळा आरामात होतं. शिरपूर लाईनला गावं वाढली की ड्रायव्हरचं निम्मं लक्ष टक्क्यांवर राहतं, म्हणून ती गाडी मी बदललेली नाही. माल विकायचा की बॅटरी बघायची, हा प्रश्न ड्रायव्हरला पडता कामा नये.

आता उन्हाचं सांगतो, कारण पुण्या-मुंबईची माणसं सल्ला देतात तेव्हा नेमकी हीच गोष्ट राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, भुसावळला तर त्याच्याही पुढे. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि तापलेल्या बॅटरीला फास्ट चार्जर लावला की गाडीची यंत्रणा आपोआप चार्जिंगचा वेग कमी करते. त्यामुळे बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे डीलरच्या भाषेत एलएफपी, आहे याची खात्री कागदावर करून घ्या. ती उष्णता जास्त सोसते आणि रोज शंभर टक्के चार्ज केली तरी तिचं फारसं बिघडत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी उभी कुठे राहते. पत्र्याच्या शेडखाली दुपारी भट्टी असते. मी पत्र्याखाली थर्माकोलचं छत करून घेतलं, वर पांढरा रंग दिला आणि दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या. तुमच्या आवारात जुना कडुनिंब असेल तर गाडीची जागा त्याच्याखालीच ठरवा. बाहेरून आलेली गाडी लगेच प्लगला लावायची नाही, तास-अर्धा तास सावलीत निवू द्यायची, हा आमच्याकडे नियमच आहे.

दुपारचं चार्जिंग मात्र सोडू नका. उन्हाळ्यात आपल्या बाजारात दुपारी दुकानांची शटर अर्धी खाली असतात, त्या वेळात तसाही माल उतरत नाही. 15 अँपियरच्या जोडणीवर, म्हणजे तीन-सव्वातीन किलोवॅटवर, अडीच तासांत 30-35 किलोमीटरची भर पडते. हे चार्जिंग इतकं सावकाश असतं की सावलीत उभ्या गाडीची बॅटरी त्याने विशेष तापत नाही. वीजदराचाही फायदा आहे. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार वेळेप्रमाणे दर लागू झाले की दिवसा सूर्यप्रकाशाच्या आठ तासांतली वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के स्वस्त असायला हवी, आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत ती महाग पडते. म्हणून सात वाजता गाड्या आल्या की लगेच प्लग लावण्याची सवय ड्रायव्हरांना लागू देऊ नका. टायमर लावा, मध्यरात्रीनंतर चार्जिंग सुरू होऊ द्या. सकाळी सहापर्यंत गाडी भरते. तुमच्या मीटरला नेमके कोणते तास लागू आहेत, ते महावितरणच्या बिलावर पाहून घ्या. गोदामावर सोलर असेल तर दुपारचा हिशोब आणखी सोपा होतो.

गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलवा. एक गाडी म्हणजे तीन-सव्वातीन किलोवॅट, रात्रभर सलग. तीन गाड्या झाल्या की दहा किलोवॅट, आणि तुमच्या गोदामाचा मंजूर भार तेवढा नसेल तर आधी तो वाढवून घ्या. थ्री फेज नसेल तर तेही. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्याचं स्वतंत्र मीटर तुम्हाला परवडतं का ते विचारा. प्रत्येक गाडीला मीटरपासून वेगळी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) हवा. अर्थिंगमध्ये काटकसर नको, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की खड्ड्यात पाणी घालत राहा. भिंतीतलं घरगुती सॉकेट चालत नाही. सहा-सात तास पूर्ण करंट ओढला की त्याचं प्लास्टिक आधी पिवळं पडतं, मग पिनेजवळ तपकिरी होतं, आणि तोवर आतली पट्टी सैल झालेली असते. आमच्याकडे निळी औद्योगिक सॉकेटं आहेत. तरीही सकाळी प्लग काढला की पिनेला हात लावून बघायचं काम एका माणसाला दिलेलं आहे. पिन कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर त्या दिवशी वायरमन आलाच पाहिजे. शेजारी बिस्किटांची खोकी रचलेली असतात, एवढं लक्षात घ्या.

करांबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के, आणि डिझेल मालवाहूवर सप्टेंबर 2025 पासून 28 ऐवजी 18 टक्के. पण तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, दोन्हीकडे मिळते, म्हणून डीलर या फरकावर भर देत असेल तर तो बाजूला ठेवून तुलना करा. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या अनुदानाच्या योजनेत छोट्या चारचाकी मालवाहू गाड्या नाहीत. महाराष्ट्राच्या 2025 च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन कर माफ आहे. बाकी जी सूट सांगतील ती कोटेशनवर लिहून घ्या. परमिट लागत नाही हेही फायदा म्हणून ऐकवतील, पण तीन टनांच्या आतल्या मालवाहूला ते तसंही लागत नाही.

सर्व्हिसचा प्रश्न मात्र खरा आहे. आमची एक गाडी कंट्रोलरच्या, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेच्या, बिघाडाने उभी राहिली, तेव्हा तंत्रज्ञ बाहेरगावहून येईपर्यंत माल भाड्याच्या टेम्पोने पाठवावा लागला. जळगावात हाय व्होल्टेजचं काम करणारा माणूस डीलरच्या पगारावर आहे का, हे वर्कशॉपमध्ये जाऊन डोळ्यांनी बघा. वॉरंटीच्या कागदात वर्षं आणि किलोमीटर सगळेच वाचतात. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर ती बदलून मिळेल, ती ओळ शोधा. ती नसेल तर सही करू नका.

चाचणी मे महिन्यातच घ्या, आणि एरंडोल-पारोळा लाईनवर घ्या. पूर्ण माल, तुमचा ड्रायव्हर, तुमचे थांबे; शोरूमचा माणूस फक्त शेजारी बसेल. प्रत्येक थांब्यावर किती टक्के उरले ते डायरीत मांडा. चौपदरी रस्ता असल्यामुळे पाय दाबला जातो, आणि वेग वाढला की टक्के झपाट्याने उतरतात, हे ड्रायव्हरला आधीच सांगा. आमचा एक जुना ड्रायव्हर पहिल्या दिवशी चावी फिरवून नुसता बसून राहिला. म्हणाला, "भाऊ, हाई गाडी ते बोलतच नही!" आता तोच डिझेलवर परत जायला तयार नाही, दिवसभर क्लच मारून गुडघा दुखायचा तो थांबला म्हणतो. पण आवाज नाही म्हणून आठवडे बाजारातून गाडी काढताना माणसं बाजूला होत नाहीत. तिथे चालण्याच्या वेगाने जायचं आणि पुढे एक माणूस उतरवायचा.

भुसावळची गाडी बदलताना जुनी डिझेल लगेच विकू नका. पहिलं वर्षभर ती बदली म्हणून ठेवा, दिवाळीच्या गर्दीत रावेर आणि पाचोऱ्याला तिचाच उपयोग होईल. विकायची असेल तर सहांपैकी जिचं फिटनेस सर्वांत आधी संपतंय ती विका.