घरापुरती गाय, पण दोन घरांच्या भरवशावर

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हिंगणघाटजवळच्या गावात आई-बाबा आहेत, तुम्ही आणि वहिनी रोज नोकरीसाठी जाऊन-येऊन, घरच्या दुधापुरती गाय ठेवायची आहे. बाजारात १५ लिटरची संकरित गाय पाहून ठेवली आहे आणि शेजारचे म्हणतात, "घ्या न भाऊ, आमी पाहून घेऊ."

आधी त्या १५ लिटरबद्दल. ती घेऊ नका. चार-पाच माणसांच्या घराला दोन-अडीच लिटर दूध पुष्कळ झालं. उरलेलं विकायला गेलात की तो धंदा झाला, आणि धंद्याला शेजाऱ्याची मदत पुरत नाही, पगारी माणूस लागतो. खाणं पाहा. अंगाला दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असं सरकी ढेप-चुनीचं, म्हणजे खुराकाचं, ढोबळ माप धरलं तर १५ लिटरच्या गाईला रोज साडेसात किलो लागतं. ५ लिटरवालीला साडेतीन किलोत भागतं. शिवाय आपल्याकडचा मे महिना. पारा ४५ च्या आसपास गेला की होल्स्टीन या परदेशी जातीच्या रक्ताची गाय धापा टाकते, खाणं सोडते, दूध निम्म्यावर येतं. मग पंखे, फवारे, ओली पोती, आणि हे सगळं तुमचे बाबा दुपारी दोन वाजता करणार.

खरं कारण मात्र वेगळं आहे. भरपूर दुधाच्या गाईची एक धार चुकली तरी कास तटतटते, दगडी (कासेची सूज) व्हायची भीती. कमी दुधाच्या, वासराला पाजणाऱ्या गाईचं तसं नसतं. एखाद्या संध्याकाळी गावाला जायचं झालं तर वासरू सोडून द्यायचं, ते पिऊन टाकतं. वासरू दोन-तीन महिन्यांचं झालं की रात्री वेगळं बांधा, सकाळी एकच धार काढा आणि दिवसभर वासरू आईजवळ ठेवा. कित्येक घरं असंच करतात. दूध कमी मिळतं, पण संध्याकाळ मोकळी राहते. नोकरीवाल्या घराला हे सोन्यासारखं आहे. आपली गवळाऊ, म्हणजे इथली देशी जात, दिवसाला २ ते ४ लिटरच्या वर सहसा जात नाही, ती मुळात बैलांसाठी नावाजलेली. पण ऊन सोसते आणि कुटारावर (मळणीनंतर उरलेल्या भुश्यावर) निभावते. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मूळ पट्टा, तुम्हाला लांब नाही. तेवढ्यात भागणार नसेल तर हलकी जर्सी संकरित, पाच-सहा लिटरची. त्यापुढे नको.

आता शेजारी. "पाहून घेऊ" हा शब्द मनापासूनचा असतो, पण तो पहिल्यांदाच लग्नाला निघायच्या आदल्या रात्री आजमावायचा नसतो. नवा हात लागला की गाय पान्हा चोरते (दूध सोडत नाही), लाथ मारते, आणि मदतीला आलेली काकू पुन्हा येत नाही. म्हणून तुम्ही घरी असतानाच आठवड्यातून दोनदा तरी त्यांना धार काढू द्या. ढेप त्यांच्याच हातून घाला. त्या धारेचं दूध त्यांचं. हिशेब नाही, वही नाही: ज्यानं काढलं त्यानं न्यावं. पैसे द्यायला गेलात तर बहुतेक घरं ते घेणार नाहीत आणि मनातून अवघडतील.

शेणाचं मात्र आधीच बोलून घ्या. हसू नका, गल्लीतली निम्मी भांडणं शेणावरून होतात. एकीला गोवऱ्या थापायच्या असतात, दुसऱ्याला खताच्या खड्ड्यात हवं असतं. कुटाराचा व्यवहार शेणाशीच जोडा. ट्रॅक्टर आल्यापासून पुष्कळ घरी बैलजोडी उरली नाही, त्यामुळे सोयाबीन, तूर, हरभऱ्याचं कुटार वावरातच पडून राहतं किंवा पेटवलं जातं. ते तुम्ही उचला, बदल्यात उन्हाळ्यात त्यांच्या वावरात शेणखताची खेप टाका. एका गाईला वर्षाला दोनएक टन सुका चारा लागतो, तो पावसाआधी छपराखाली हवा. नुसतं सोयाबीनचं कुटार घालू नका, तुरीचं, हरभऱ्याचं मिसळा, थोडा कडबा ठेवा. बुरशी लागलेलं सरळ खड्ड्यात. आणि कोणी प्रेमानं ज्वारीचे कोवळे फुटवे कापून आणले तर नम्रपणे नाही म्हणा, त्यानं जनावर तासाभरात दगावू शकतं.

शेजारी पण गाय ठेवायला तयार असतील तर याहून चांगलं काही नाही. एका गाईवर वर्षभर दूध मिळत नाही, विण्याआधी दोन महिने तिला आटवावंच लागतं. दोन घरांनी ठरवून एक गाय कार्तिकात आणि दुसरी एप्रिलच्या सुरुवातीला भरवली (फळवली), तर एक पोळ्याच्या सुमारास आणि दुसरी संक्रांतीला विते. एकीचं आटतं तेव्हा दुसरीचं चालू असतं. दूध लोट्यानं इकडून तिकडे जातं, तसंच परत येतं. पुढच्या वेतांना तारखा सरकतात, कारण दोन वेतांत तेरा-चौदा महिने जातातच. तेवढं सांभाळून घ्यायचं.

माज, म्हणजे गाय भरवण्याजोगी झाल्याची वेळ, ओळखायलाही शेजारी लागतात. तुम्ही दिवसभर बाहेर, आणि माज बारा ते अठरा तासांत ओसरतो. हंबरणं, सोट (चिकट स्राव) टाकणं, दुसऱ्या जनावरावर उडी घेणं हे ज्याला दिसेल त्यानं फोन करावा. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. मग २१ दिवसांनी माज पुन्हा येतो का यावर नजर ठेवा. गाय आखरावरून (गावची जनावरं जमतात तिथून) गायक्यासोबत, म्हणजे गुराख्यासोबत, जात असेल तर त्यालाच विचारा, त्याला आपल्याआधी कळतं.

गाय व्याली की गल्ली खरवसाची वाट पाहते. पाहू द्या. पहिल्या दोन तासांत चीक (व्यायल्यावरचं पहिलं दूध) वासराच्या पोटात गेला पाहिजे, आणि दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. उरेल तो खरवसाला. वार (वासरामागून पडणारी जाळी) अडकली तर जुनी माणसं तिला दगड किंवा चप्पल बांधायला सांगतील, बांधू देऊ नका. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नंबर गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. गाभ पडला तर वार उघड्या हातानं कोणी उचलू नये, आणि दूध उकळूनच प्यावं, दोन्ही घरांनी. गाईला अँटिबायोटिक दिलं की डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध फेकायचं, आणि हे शेजाऱ्यालाही सांगायचं. लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात. पावसाळ्याआधी घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकूत या लसी दोन्ही घरांच्या जनावरांना एकाच दिवशी टोचून घ्या.

गोऱ्हा (नर वासरू) झाला तर काय, हेही आत्ताच ठरवा. २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीलाही बंदी आहे आणि बैल ठेवणारी घरं कमी झालीत. गवळाऊचा गोऱ्हा मात्र अजून कास्तकार मागून नेतात.

गाय पाहायला जाल तेव्हा त्या शेजारच्या काकूंना सोबत न्या. विकणारे कधीकधी आदली धार न काढता कास भरलेली दाखवतात, म्हणून संध्याकाळची आणि लगेच दुसऱ्या सकाळची, अशा दोन धारा समोर काढून पाहा. त्यातली एक काकूंनी काढावी. त्यांच्या हाताला गाय उभी राहिली नाही, तर बयाणा देऊ नका.