रिले चिकटलेला नसतो, धरून ठेवलेला असतो (बहुतेक वेळा)

तुम्ही लिहिलंय की १९७५ च्या गॉटलिब पिनबॉल मशीनमधला शंभर गुणांचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) बंपरला, म्हणजे गुण देणाऱ्या खुंट्याला, चेंडू लागला की ओढला जातो आणि सुटतच नाही. गंजावरचा स्प्रे मारल्यावर दोन दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. स्प्रेची बाटली आधी गॅरेजमध्ये ठेवून या. रिलेला तेल लागत नाही. तेलावर धूळ आणि पॉइंटांची (वीज जोडणाऱ्या टोकांची) काजळी बसून चिकट लेप होतो, आणि शेजारीच ठिणग्या उडत असतात.

आता एक साधी गोष्ट करा. रिले अडकलेला असतानाच मशीनचा स्विच बंद करा आणि रिलेच्या हलत्या लोखंडी पट्टीकडे बघा. खट्‌कन सुटली, तर तिला वीज धरून ठेवत होती. रिले निर्दोष आहे. वीज गेल्यावरही चिकटूनच राहिली, तर दोष रिलेत.

माझा अंदाज पहिला आहे. हा रिले एकदा ओढला गेला की स्वतःच्याच एका पत्तीतून (पॉइंट बसवलेली पातळ लवचीक पात) आपल्याच कॉइलला वीज देत राहतो. ती तोडायचं काम वर, बॅकबॉक्समध्ये (मागच्या उभ्या पेटीत), गुण दाखवणाऱ्या शंभराच्या आकडेचक्रावरच्या पत्तीचं. चक्र फिरवणारा प्लंजर (चक्राच्या कॉइलमध्ये ओढला जाणारा दांडा) पूर्ण आत गेला की ती उघडायला हवी. ती उघडली नाही, किंवा चक्रच जड होऊन प्लंजर अर्ध्यात थांबला, की खाली रिले अडकतो आणि वर चक्राची कॉइल तापत राहते. मी पहिल्या मशीनवर दोन शनिवार रिलेच घासत बसलो होतो. जळका वास आला तेव्हा मान वर केली. म्हणून शोधाशोध करताना मशीन चालू ठेवून चहाला जाऊ नका.

दोष रिलेतच निघाला, तर पट्टी आणि कॉइलचा गाभा स्पिरिटने पुसून कोरडे करा, स्प्रिंग जागेवर आहे ना ते बघा. लोखंड थेट लोखंडाला टेकू नये म्हणून मध्ये चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूचा पातळ थर किंवा छोटं बटण असतं. पन्नास वर्षांच्या ठोक्यांनी ते झिजतं, मग वीज गेल्यावरही उरलेलं चुंबकत्व पट्टीला सोडत नाही. तिथे पातळ चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून पाहा. जुगाड वाटेल, पण माझ्याकडे असा एक रिले कित्येक वर्षं चाललाय.

पत्त्यांना हात लावण्याआधी त्यांच्या गठ्ठ्याचे स्क्रू आवळा. मधले इन्सुलेशनचे तुकडे आकसतात, स्क्रू सैल पडतात, आणि सैल गठ्ठ्यावर केलेली जुळणी आठवडाभरही टिकत नाही. पत्ती वाकवायची ती बुडाशी, मध्यावर नाही. उघड्या पॉइंटांत साधारण दीड मिलिमीटर फट हवी, आणि मिटताना लांब पत्तीने आखूड पत्तीला किंचित ढकलायला हवं. त्या ढकलण्यातच पॉइंट आपोआप घासून साफ होतात. एरवी बारीक लवचीक कानस दोनदा फिरवा, पुरे. सॅंडपेपर नको.

कॉइलवर साधारण २५ व्होल्टच असतात, पण ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला घरातल्या प्लगची पूर्ण वीज येते (अमेरिकेत १२० व्होल्ट). हात घालायचा असेल तर भिंतीतला प्लग काढूनच.

आधी बॅकबॉक्स उघडून त्या पत्तीचा फोटो टाका, प्लंजर बोटाने आत दाबून धरलेला असताना काढलेला.