नव्या फोनची बॅटरी पहिल्या दिवशी मोजू नकोस

भावा, नवा फोन पहिल्या दिवशी भराभर उतरतोय म्हणून घाबरू नकोस. सुरुवातीचे दोन-चार दिवस तो आतल्या आत अ‍ॅप अपडेट करतो, जुने फोटो उतरवून घेतो, त्यांची वर्गवारी लावतो. गरमही होतो. आठवडा जाऊ दे, मग मोज.

मोजताना जुना आणि नवा, दोन्ही फोन सारख्या अटींवर ठेव. ऑटो ब्राइटनेस बंद, उजेड डोळ्याला सारखा, स्क्रीनचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो) ६० हर्ट्झवर, एकच वायफाय, तोच व्हिडिओ तासभर. आधीचे आणि नंतरचे टक्के वहीत लिही. सिमवर मोजणार असशील तर जागा बदलू नकोस: साताऱ्यात पोवई नाक्यावरचा आकडा आणि यवतेश्वर घाटात रेंज तुटत असतानाचा आकडा कधीच जुळणार नाही. सिग्नल क्षीण झाला की फोन टॉवर गाठायला जास्त ताकद लावतो, बॅटरी तिथंच जाते.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथं:
- नुसते एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचा आकडा) बघणं. ५००० दोन्हीकडं असले तरी प्रोसेसर आणि स्क्रीन किती खातात त्यावर सगळं आहे.
- दोन मिनिटांच्या बेंचमार्कवर (फोनचा वेग मोजणाऱ्या चाचणीवर) भुलणं. वीस मिनिटं गेम चालव, तापल्यावर अडखळतो का बघ.
- जुन्याची थकलेली बॅटरी विसरणं. बॅटरी हेल्थ (नवी असतानाच्या तुलनेत उरलेली क्षमता) ८० टक्क्यांखाली असेल तर आधी बॅटरी बदलून बघ. कदाचित नव्याची गरजच पडणार नाही.