गॅलिलिओ-ग्रासी : वितंडवाद की चिखलफेक?

प्रश्न : १६१८च्या धूमकेतूंवरून गॅलिलिओ आणि जेझुइट (कॅथलिक चर्चमधला एक धर्मसंघ) गणिती ओराझियो ग्रासी यांची जुंपली. त्याला ‘वितंडवाद’ म्हणावं की ‘चिखलफेक’?

रोजच्या मराठीतला वितंडवाद म्हणजे निष्फळ घोळ. तो अर्थ इथे नको. न्यायशास्त्रातली, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातली, वितंडा मात्र गॅलिलिओला चपखल बसते : स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा पाडायचा.

१६१९मध्ये ग्रासीने स्वतःच्या लॅटिन नावाची अक्षरं उलटसुलट करून ‘सार्सी’ हे टोपणनाव घेतलं आणि ‘लिब्रा’, म्हणजे तराजू, हे पुस्तक काढलं. गॅलिलिओचं उत्तर १६२३चं, ‘इल साज्जातोरे’, म्हणजे कस पाहणारा. खोच अशी, की सार्सीचा तराजू जाडाभरडा, माझा सोनाराचा काटा. धूमकेतू म्हणजे काय हे गॅलिलिओ ठामपणे सांगतच नाही. वर चढलेल्या बाष्पावरचा तो प्रकाशाचा भास असू शकेल, एवढं सुचवतो आणि सार्सीचा एकेक मुद्दा सोलून काढतो. (धूमकेतू चंद्रापलीकडे आहे हे ग्रासीचं म्हणणं बरोबर होतं, ही त्यातली गंमत.)

हवेच्या घर्षणाने उष्णता निर्माण होते, यासाठी सार्सीने जुना दाखला दिला होता : बॅबिलोनचे लोक गोफणीत अंडी गरगरा फिरवून शिजवत. गॅलिलिओ म्हणतो, अंडी आहेत, गोफणी आहेत, फिरवायला दणकट गडी आहेत, तरी अंडी शिजत नाहीत, उलट गरम असली तर लवकर निवतात. उणीव एकच, आम्ही बॅबिलोनी नाही; म्हणजे अंडी शिजतात ती बॅबिलोनी असण्याने! ही चिखलफेक नव्हे. टोला जिव्हारी लागणारा, पण बसतो मुद्द्यावरच. याला उपरोध म्हणा.

ग्रासीने १६२६मध्ये उत्तर देताना ‘साज्जातोरे’ऐवजी ‘अस्साज्जातोरे’ वाचल्याचा आव आणला, म्हणजे वाइन चाखणारा. हा शुद्ध वाक्छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ लावणं. न्यायशास्त्रावरच्या ‘न्यायभाष्य’ या टीकेतलं उदाहरण याच जातीचं : ‘नवकंबल’ म्हणजे नवं कांबळं पांघरलेला, तर ‘कुठायत याच्याकडे नऊ कांबळी?’ असं विचारायचं. ग्रासीने स्वतःचा पक्ष मांडला होता आणि जोडीला छल वापरला, म्हणून त्याच्या बाजूला ‘जल्प’ (जिंकण्यासाठी छलही वापरून केलेला वाद) म्हणणं नेमकं.

‘चिखलफेक’ राखून ठेवावी मुद्दा सोडून माणसावर घसरण्यासाठी. वाइनचा टोमणा तेवढा त्यात मोडतो. ‘उखाळ्यापाखाळ्या’ला दोघांनी एकमेकांची जुनी उणीदुणी काढावी लागतात. आणि ‘हमरीतुमरी’ समोरासमोरची. तीन-चार वर्षांच्या अंतराने छापून येणाऱ्या पुस्तकांना ती लावू नये.